तांबड्या मातीचे वाल

८ मार्च, शनिवार

आज दुपारी माझी बाज जप्त झाली. नोटीस नाही, पंचनामा नाही, अपिलाची सोय नाही. जेवून, तोंडात बडीशेप टाकून अंगणात आलो, तर बाजेवर आमच्या मातोश्रींनी जुनं पातळ अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या. वाशिंदच्या कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षं उभ्याने काढली ती एवढ्याचसाठी, की पुढे कधीतरी दुपारचं आडवं होता यावं. स्वेच्छानिवृत्ती मिळाली. आडवं होणं मात्र अजून मंजूर झालेलं नाही.

"आये, मी आता झोपू कुठं?"

"झोपतोस कशाला? काठी घे नि कावळं हाकल."

अशा रीतीने मला पुन्हा नोकरी लागली. दारापासून फाटकापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. सुपात चिंच, ताडपत्रीवर वाल, चटईवर कोहळ्याचे सांडगे, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांच्या फोडी मिठात घोळून परातीत. संडासला जायचं तर अन्नाला पाय लागतो. सगळं घरामागच्या परसातलं. शेणवे गावापलीकडच्या आमच्या वाडीत मार्च महिन्यात माणसं घरात राहतात आणि अंगण भाज्यांना सोडतात.

परसाच्या मधोमध तारेचं कुंपण आहे. ते मी घातलं. पलीकडे माझा मोठा भाऊ धर्मा राहतो. गेल्या पावसाळ्यात माझा दुधीचा वेल त्याच्या छपरावर चढला आणि तिकडेच फळला. वेल माझा, छप्पर त्याचं. दुधी त्याने खाल्ले. तेव्हापासून अबोला आहे. लोक जमिनीवरून भांडतात, आम्ही निदान पौष्टिक कारणावरून भांडलो.

९ मार्च, रविवार

आज वाल. आईने तांबडी माती चाळून, पाण्यात कालवून वालांना चोळली आणि उन्हात टाकले. माती लागली की भुंगा शिवत नाही. खायच्या वेळी भिजवायचे, माती धुऊन टाकायची. आमच्याकडे घराघरातले वाल तांबडेच असतात. पांढरे दिसले तर दुकानातले समजावेत.

माझा मात्र मातीवरचा विश्वास उडालेला आहे. गेल्या खेपेला बियाण्यासाठी ठेवलेला डबा दिवाळीनंतर उघडला, तर आत भुंग्यांचं अधिवेशन भरलेलं. म्हणून या वर्षी शहापूरहून बियाण्याला लावायची पूड आणली. दुकानदार म्हणाला, "पेरायच्या बियालाच हां काका. खायच्याला चुकून पण नाय." मी म्हटलं, बाबा रे, मला वाचता येतं. पाकिटावर लाल त्रिकोण आणि कवटी आहे. कवटी वाचायला तर शाळाही लागत नाही.

अडचण आईची. परसात ती विष येऊ देत नाही. मागे एकदा मी वांग्यांवर फवारा मारला, तर वांग्यांचा हंगाम संपेपर्यंत तिने चटणी-भाकरी खाल्ली, आणि तीही माझ्यासमोर बसून. म्हणून आज सगळ्यांत टपोरे वाल निवडून गोठ्यामागे नेले, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पूड चोळली. पूडही निघाली लालच. मातीपेक्षा जरा गुलाबी, पण आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

ती आलीच मागोमाग. "काय करतोस रे तिथं?"

"बियाच्या वालांना माती लावतोय."

"नि हाताला पिशव्या?"

"मातीने हात फुटतात."

"कारखान्यातलं हात," म्हणाली आणि गेली.

वाल तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले. आईचे डबेही तसेच आहेत, घरात दुसरे डबे नाहीत. कागदावर लिहिलं, 'बियाणं. औषध लावलेलं. खाऊ नये.' तो कागद बाहेर डकवला तर सारिका वाचणार. माझी बायको वाचते आणि वाचलेलं आईला सांगते. म्हणून कागद डब्यात, आत टाकला. खबरदारी घेतलेली बरी. पाकीट गोठ्याच्या वाशात खोचलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. धर्माची मुलगी अपेक्षा रंग घेऊन तारेखालून आली. या पोरीला दोन्ही देशांचा व्हिसा आहे. माझं तोंड हिरवं करून म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी साखरपुडा. मुरबाडची माणसं येणार. तुमी यायचं."

"तुझ्या बापाने सांगितलं?"

"बाबा बोलले, काकाला बोलवायला काय आता पत्रिका छापायची काय?"

म्हणजे बोलवायचं नाही. ठीक आहे. मला तरी कुठे जायचंय? पोरगी लहान असताना माझ्या खांद्यावर बसून शेवग्याच्या शेंगा तोडायची. तिची उंची तिथपर्यंत आणली ती मी. असो.

संध्याकाळी आईने विषय काढला. "पोरीच्या कार्याला वानोळा द्यायला लागंल." परसात जे पिकलं त्यातलं पहिलं थोडं नात्यागोत्यात वाटायचं, तो वानोळा. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या परसातला एक दाणा कुंपणापलीकडे जाणार नाही. दुधी गेले तेवढे पुरे.

आई काही बोलली नाही. सारिकाही बोलली नाही. दोघी भाकऱ्या थापत राहिल्या. घरात माझा शब्द अजून चालतो, हे बघून बरं वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

आईला एकाएकी शेतीशास्त्रात रस निर्माण झालाय.

"औंदाचं सगळ्यांत मोठं वाल तू बियाला काढलंस ना?"

"हो."

"मागच्या फळीवर हायेत?"

"हो. ओल लागायला नको."

"चांगलं केलंस," म्हणाली. आईच्या तोंडून हे वाक्य मी याआधी केव्हा ऐकलं ते आठवत नाही. सांगून टाकावं की ती माती नाही, असं एकदा ओठावर आलं. पण बाई इतक्या दिवसांनी खूश झालेली, तिचा विरस कशाला करा?

सारिकाने मला शहापूरला पिटाळलं, बरण्यांची झाकणं आणायला. झाकणं घरात होती. बायका एवढ्याशा गोष्टी लक्षात ठेवत नाहीत.

२० मार्च, गुरुवार

चोरी झाली आहे!

मागच्या फळीवरचा डबा सहज हलवला, तर हलका. उघडला. वाल निम्मे. माझा कागद तळाशी, घडी तशीच.

आईला विचारलं. ती चिंचेतले चिंचोके काढत होती. मान वर न करता म्हणाली, "उंदीर असतील."

"झाकण लावून जाणारे?"

"हल्लीचे काय पण करतात."

सारिका तर ताडकन उठून विहिरीवर गेली. भांडी घासलेली होती.

उंदीर कोण ते मला ठाऊक आहे. धर्मा! खायच्या वालांचे चार डबे पुढच्या फळीवर असताना त्याने मागचा डबा गाठला. बी म्हणून निवडलेलं बी अचूक ओळखून नेलं. दिवाळीनंतर पेरेल, माझं वाण त्याच्या मांडवावर चढेल आणि मी कुंपणाअलीकडून बघत राहीन. माणूस हलकट असला तरी पारख आहे. पोलीस पाटलाकडे जायचा मसुदा मनात तयार आहे. साखरपुडा होऊ दे. त्या पोरीच्या कार्यात विघ्न आणणारा मी नव्हे.

२२ मार्च, शनिवार

शहापूर. दवाखान्याचा व्हरांडा. संध्याकाळ.

सारिकाने मागाहून पाठवलेल्या डब्याच्या पिशवीत ही वही टाकली. फोनवर म्हणाली, "नुसतं बसून याड लागंल. लिवा." म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय.

दुपारी मी काठी घेऊन अंगणात होतो. पलीकडे धर्माच्या ओटीवर वाडीतल्या बायका गोलात बसलेल्या, उद्याच्या बिरड्यासाठी वाल सोलत. आई सकाळपासून तिकडेच. गुडघ्यांमुळे देवळात न जाणारी माझी आई तारेखालून गेली होती. हसणं-खिदळणं चाललेलं. अपेक्षा ओंजळ घेऊन कुंपणाशी आली.

"काका, आजीचे वाल बघा ना, काय मोड आलेत! एक पण खडा नाय."

आजीचे वाल. मी ओंजळीत बघितलं. पांढरे टपोरे दाणे, आणि तिची बोटं गुलाबी.

"बोटांना काय लागलं गं?"

"मातीच, काय. पण निघत नाय ओ. मेंदीसारखी चढलीय."

माती निघते. माती पहिल्या पाण्यात निघते.

खरं ते लिहितो. पहिला विचार आला तो धर्माचा नव्हता, माझाच होता, की आता वाडीत तोंड कसं दाखवायचं. दुसरा विचार, सारिकाला पुढे घालावं. तिसरा, अंधार पडल्यावर जाऊन ते पातेलं उलथवावं आणि मांजरावर ढकलावं. उभ्या उभ्या मी एका निरपराध मांजरावर आळ रचत होतो, तेवढ्यात पलीकडून कमळवहिनीचा आवाज आला, धर्माच्या बायकोचा. "आत्याबाय गो, ही कोंबडी बघा. सालं खाता खाता मान टाकली हिने!"

मी तारेतून घुसलो. कुंपण मजबूत घातलंय मी. सदरा फाटला, दंड फाटला.

"हात लावू नका! उठा सगळ्या. साबणाने हात धुवा. उठा!"

कमळवहिनी पदर खोचून आडवी आली. "भावोजी, कार्य उद्यावर आलंय. भांडायचं तर सोमवारी या."

"वहिनी, वालांना विष आहे. बियाचं औषध. मी लावलं."

बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. आई मधोमध बसलेली, मांडीवर सूप. ती माझ्याकडे बघत नव्हती, आवाजाच्या रोखाने बघत होती.

"तू बोललास माती हाय," ती म्हणाली.

मी तिच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं.

"पोरीच्या कार्याला बारीक वाल देऊ काय, म्हणून मोठं दिलं," ती म्हणाली. आणि मग फार हळू, "धर्माने सकाळी खाल्लं."

कमळवहिनीने मुरबाडकरांसाठी चव बघायला मूठभर वाल सोलून सकाळीच उसळ केली होती. वाटीभर धर्माला दिली. दुपारपासून तो आत पडून, पित्त झालंय म्हणून.

धर्मा भिंतीकडे तोंड करून निजलेला. घामाने बनियन ओलं. मी म्हटलं, "दादा, ऊठ. शहापूरला जायचंय."

इतक्या महिन्यांनी त्याला हाक मारली. त्याने डोळे उघडले. "तुझ्या गाडीवर मी बसणार नाय."

"बसा गपचूप!" कमळवहिनी ओरडली. अपेक्षाने त्याला उठवलं. मी सारिकाला ओरडून पाकिटाची जागा सांगितली. तिने ते पळत आणून माझ्या खिशात कोंबलं.

रस्ताभर धर्माचं कपाळ माझ्या पाठीवर. आधी त्याने सीटचा दांडा धरला होता, पुढे माझी कंबर धरली. ती पकड ढिली झाली की माझा जीव जायचा. मी म्हणायचो, "दादा, धर." तो धरायचा. वळणावर तो माझ्या पाठीवर ओकला. दुधीच्या प्रकरणापासून त्याला माझ्याबद्दल जे म्हणायचं होतं ते सगळं एकदम बाहेर पडलं असावं. हा विनोद मला तिथेच सुचला आणि स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर तरुण आहेत. पाकीट उलटसुलट वाचून म्हणाले, "हे आणलंत ते बरं केलंत. यांच्या खाण्यात कसं गेलं?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

धर्मा डोळे मिटूनच म्हणाला, "त्याला काय इचारता? खाल्लं मी."

नळी घातली, पोट धुतलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणतात, भिजवण्या-धुण्यात बरीच पूड गेली असेल, वाटीही लहान होती. पण श्वास जड झाला तर कल्याणला हलवावं लागेल. किती वेळ वाट बघायची विचारलं तर म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर बसलोय. कमळवहिनी मागाहून डबा घेऊन आली, ती आत आहे, तिने मला आत येऊ नका म्हटलेलं नाही आणि या असंही म्हटलेलं नाही. अपेक्षाचा फोन सारखा येतोय. उचलून काय सांगू? तिच्या हाताचा रंग गेला का, एवढंच विचारलं. म्हणाली, घासून घासून सालटं गेली, रंग आहे.

मघाशी काचेतून बघितलं. धर्माची छाती वर-खाली होतेय. मोजत नाही, नुसता बघतो.

नर्स मला बोलावतेय.

२३ मार्च, रविवार

नर्सने बोलावलं ते धर्मा चहा मागतोय म्हणून. चहा द्यायचा नव्हता, तो नाही म्हणून सांगायला घरचं माणूस हवं होतं. मी सांगितलं. त्याने मला शिवी घातली. इतकी खणखणीत, मूळ गावरान शिवी माझ्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून खाली बसलो.

सकाळी सोडलं. डॉक्टर म्हणाले, जपा, तिखट-तेलकट बंद, काही वाटलं तर लगेच या. वाल सोलणाऱ्या बायकांना काही झालं नाही.

साखरपुडा पुढे ढकलायचा का, यावर ओटीवर खल झाला. धर्मा म्हणाला, मुरबाडहून माणसं निघाली असतील, आणि पित्तासाठी कोण कार्य मोडतं? म्हणजे ते पित्त होतं, असं ठरलं.

बिरड्याचं पातेलं गेलं. आई पहाटे उठली आणि विहिरीपासून लांब, बांधाखाली खड्डा खणवून घेऊन सोललेले, न सोललेले, सालं, कोंबडी, सगळं पुरलं. माझ्या डब्यातले उरलेलेही. मला विचारलं नाही.

मग पानात वाढायचं काय? सारिकाने आमची फळी रिकामी करायला घेतली. सांडगे, कुरडया, मुरवलेल्या मिरच्या, कैरीचं ताजं लोणचं, गेल्या वर्षीची आमसुलं सारासाठी. मी तारेच्या एका बाजूला, कमळवहिनी दुसऱ्या बाजूला. मी बरण्या देत होतो, ती घेत होती. चौथ्या का पाचव्या फेरीला तिने पक्कड आणून दिली. मी मधल्या दोन तारा तोडल्या. वाकून पाठ गेली होती, दुसरं काही नाही.

एक गंमत. धर्माच्या चुलीपाशी एका साड्यांच्या दुकानाची पिशवी दिसली, वालांची माती लागलेली. अगदी तशीच पिशवी सारिकाकडे आहे. तिला म्हटलं, तुला आईचं हे प्रकरण ठाऊक होतं का? म्हणाली, "मला कोण काय सांगतं?" खरंय. या घरात मलाही कोणी काही सांगत नाही.

पंगत बसली. मी वाढायला होतो. धर्मा खांबाला टेकून, तोंड पांढरं, अंगावर नवा सदरा. मुरबाडकडचे एक बुजुर्ग पान न्याहाळून म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पण शहापुराकडं येऊन वालाचं बिरडं नाय? हे काय?"

माझ्या हातातली साराची पळी थांबली. अपेक्षा हात पदराखाली घेऊन बसलेली. आई ओटीच्या कोपऱ्यात.

धर्मा खाकरला. "औंदा भुंगा पडला," म्हणाला. "सगळं वाल भुंग्याने खाल्लं. काय करता?"

"आमच्याकडं पण," बुजुर्ग म्हणाले आणि कुरडईकडे वळले.

धर्माने माझ्याकडे बघितलं नाही. मी त्याच्या पानात दहीभात वाढला. "बस," म्हणाला. मी आणखी वाढला.

अबोला तसा कायम आहे. मोडलाय असं दोघांपैकी कोणी बोललेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

आई माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. वांग्यांच्या वेळी ती रागावली होती. हे रागावणं नाही, आणि दुसरं काय ते मला कळत नाही. आज दुपारी खायच्या वालांचा डबा उघडून ती मूठभर वाल नाकाशी नेऊन हुंगत बसली होती. मग तळहातावर थुंकी लावून एक दाणा चोळला, बोट डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं आणि मला हाक मारली.

"हरेश, बघ रे. माती हाय ना?"

"माती आहे, आये."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. चारही डब्यांतले बघितले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यातलेच भिजत घातले, मीच.

२६ मार्च, बुधवार

सकाळी शेणव्याला जाऊन आलो. एका घरी कोंबड्या विकायच्या होत्या. बाईने एक लाल कोंबडी उचलून दाखवली. "ही घ्या, भाऊ. रोज अंडं देते."

"लाल नको."

"अवो, काळीपेक्षा..."

"काळीच द्या."

तंगड्या बांधून पिशवीत घातली आणि आलो. धर्मा ओटीवर दात घासत होता, माझ्याकडे पाठ. तोडलेल्या तारांमधून गेलो, गाठ सोडली आणि कोंबडी त्याच्या खुराड्यात सरकवली. मेलीने गाव गोळा होईल एवढा कालवा केला. धर्माची पाठ हलली नाही. राखुंडी थुंकून त्याने खुशाल चूळ भरली.

मी परत फिरलो तेव्हा मागून तो कुणाला तरी, बहुतेक कोंबडीलाच, म्हणाला, "दाणे टाकतो गो, जरा थांब. बघून टाकतो."